शिशाची गोळी आणि शेतात राहिलेला कोल्हा: ब्रिटनच्या पर्यावरणमंत्र्यांना खुले पत्र

मा. पर्यावरणमंत्री, ग्रेट ब्रिटन यांस,
सादर नमस्कार.

शिकारीतले शिशाचे छर्रे आणि मोठ्या रायफलींच्या शिशाच्या गोळ्या यांवर बंदी आणणार, असं आपल्या सरकारने जुलै २०२५ मध्ये जाहीर केलं. त्या दिवशी मला फार बरं वाटलं. पण त्यात एक सवलत आहे: ६.१७ मिलिमीटरहून बारीक गोळ्यांना बंदी लागू नाही. ही सवलत जशीच्या तशी ठेवू नका, एवढीच माझी विनंती आहे. इंग्रजी प्रत आपल्याला पाठवली आहेच. मराठीत लिहायचं कारण, मेलेल्या जनावराच्या मांसातून पक्ष्यांना विष बाधण्याचं हे दुखणं मी आधी रायगड जिल्ह्यात पाहिलं.

माझ्या लहानपणी गावाबाहेर मेलेलं ढोर टाकलं की थोड्या वेळात आभाळात गिधाडं घिरट्या घालू लागत आणि संध्याकाळपर्यंत नुसती हाडं उरत. मग ती कमी झाली आणि एका मे महिन्यात माहेरी गेले तर एकही दिसलं नाही. कुत्री तेवढी होती. गुरांना दिलेलं डायक्लोफेनॅक हे वेदनाशामक औषध त्यांच्या मांसातून गिधाडांच्या पोटात जात होतं आणि त्यांची मूत्रपिंडं निकामी करत होतं. भारताने ते गुरांसाठी २००६ मध्ये बंद केलं. तोवर उशीर झाला होता: पांढऱ्या पाठीच्या गिधाडांपैकी १९९२ ते २००७ या काळात हजारातलं एकच उरलं होतं. एवढ्या मोठ्या घटीला हे एकच औषध पुरेसं आहे, हे गणिताने दाखवणाऱ्यांत केंब्रिजचे शास्त्रज्ञ ऱ्हिस ग्रीन होते. त्याच ग्रीन यांनी २०२२ मध्ये सहकाऱ्यांबरोबर युरोपचा हिशेब मांडला. शिशाच्या विषबाधेमुळे सोनेरी गरुड असायला हवेत त्याहून १३ टक्क्यांनी आणि पांढऱ्या शेपटीचे गरुड १४ टक्क्यांनी कमी आहेत. औषधाच्या जागी शिसं आलं, बाकी गोष्ट तीच.

आमचे एक शेजारी हरणांची शिकार करतात. त्यांनी एकदा स्वयंपाकघरातल्या टेबलावर दोन झाडलेल्या गोळ्या माझ्यापुढे ठेवल्या. तांब्याची गोळी पुढून चार पाकळ्यांनी उमललेली, पण अख्खी. शिशाच्या गोळीचं चुरगळलेलं कवच तेवढं उरलं होतं. "आतलं शिसं कुठे गेलं?" मी विचारलं. "मांसात," ते म्हणाले. जखमेपासून वीतभर लांबही त्याचे कण जातात, कित्येक तर डोळ्यांना दिसतही नाहीत. हरणाची आतडी डोंगरावरच काढून टाकतात. ती डोमकावळे, गरुड, घारी खातात आणि पोटातल्या आम्लात शिसं विरघळतं. ते शेजारी आता तांब्याचीच गोळी वापरतात.

सवलतीबद्दल माझा आक्षेप इथेच आहे. हरीण निदान घरी नेलं जातं. कोल्हा कोणी खात नाही. तो बहुधा पॉइंट टू-टू-थ्रीसारख्या (०.२२३ इंची) रायफलीने मारतात, म्हणजे सवलतीतल्याच गोळीने, आणि पुष्कळदा तो शेताच्या बांधावर तसाच राहतो. मी राहते त्या लंडनजवळच्या चिल्टर्न्स टेकड्यांमध्ये १९८९ पासून स्पेनहून तांबड्या घारी आणून सोडल्या. आज माझ्या अंगणावरून त्या इतक्या खालून जातात की शेपटीची खाच दिसते. मेलेलं जनावर हेच त्यांचं बरंचसं खाणं. ज्या गोळीचं सावज सर्रास उघड्यावर पडतं, तिलाच मोकळीक कशी?

पॉइंट टू-टू रिमफायरचा, म्हणजे सशासारख्या लहान सावजासाठीच्या कमी ताकदीच्या काडतुसाचा, प्रश्न वेगळा आहे. त्या बारीक गोळीला शिशाविना अचूकपणा राखणं अजून अवघड जातं, हे मला मान्य आहे. पण टू-टू-थ्रीसाठी तांब्याच्या गोळ्या दुकानात मिळतात. तेव्हा बंदीची रेषा निदान तिथवर तरी खाली आणा. उरलेल्या बारीक गोळ्यांनी मारलेलं जनावर उचलून नेणं किंवा पुरणं सक्तीचं करा.

"शिकारी आपणहून सोडतील" हे ऐकून वेळ दवडू नका. २०२० मध्ये शिकारी संघटनांनी पाच वर्षांत शिशाचे छर्रे आपणहून सोडायचं ठरवलं होतं. पुढच्याच हंगामात छर्रे सापडलेले १८० फेझंट (शिकारीचे कोंबडीएवढे पक्षी) तपासले, तर शिसं नसलेला एकच निघाला. डेन्मार्कने छर्रे १९९६ मध्ये आणि रायफलीच्या गोळ्या २०२४ मध्ये कायद्यानेच बंद केल्या. तिथली शिकार काही थांबली नाही.

नियमांचा अंतिम मसुदा सहीसाठी आपल्यापुढे येईल तेव्हा कृपया ६.१७ हा आकडा एकदा पुन्हा तपासून पाहावा.

कळावे,
आपली नम्र,
चिल्टर्न्समधली एक मराठी रहिवासी