मंगळवारच्या टेस्टनंतर काय करायचं?

आपल्या क्लासच्या ज्यांची मंगळवारी आरटीओत कारची टेस्ट आहे, त्यांनी हे नीट वाचा.

पास झालात तरी लगेच एकट्याने गाडी काढू नका. पक्कं लायसन्स मंजूर होईपर्यंत तुम्ही शिकाऊच. पांढऱ्या पाटीवर लाल 'एल' आणि शेजारी लायसन्सवाली व्यक्ती हवीच. घरच्यांनी आग्रह केला तरीही!

• अर्ज क्रमांक जपून ठेवा. लायसन्स कुठवर आलं ते 'सारथी' पोर्टलवर त्यावरूनच कळतं.
• मंजूर झालं की डिजिलॉकरमध्ये घ्या, तपासणीत ते चालतं. कार्ड पोस्टाने येईल.
• नापास झालात तर ७ दिवसांनी पुन्हा टेस्ट देता येते. तीनदा नापास झालात तर ६० दिवस थांबावं लागतं. शिकाऊ लायसन्सची मुदत ६ महिनेच, म्हणून चालढकल नको.

निकाल त्याच संध्याकाळी ग्रुपवर कळवा. कुठे चुकलं तेही लिहा, त्याचाच सराव घेऊ.