खुले पत्र : तक्रार बंद, डीपीही बंद

माननीय ऊर्जामंत्री महोदय,

सप्रेम नमस्कार. परवा रात्री साडेनऊला मोबाइलवर मेसेज आला, ‘आपल्या तक्रारीचे निवारण झाले आहे. सेवेबद्दल अभिप्राय द्यावा.’ मी तेव्हा वस्तीवर कंदिलाची काच पुसत होतो. आमची डीपी, म्हणजे वस्तीला वीज देणारं रोहित्र (ट्रान्सफॉर्मर), जळून 20 दिवस झाले होते. आज 22 वा.

मागच्या आठवड्यात वीज कंपनीने तालुक्याला ‘ग्राहक संवाद मेळावा’ घेतला. मंडप, हारतुरे, सेल्फीसाठी कमान, मोबाइल ॲप शिकवायला दोन मुलं. मी उभा राहून डीपीचं सांगितलं. साहेबांनी माइकवरून शब्द दिला, ‘48 तासांत नवीन रोहित्र बसेल.’ टाळ्या पडल्या. मीही वाजवल्या, त्याची आता लाज वाटते. पाणी प्यायला मंडपामागे गेलो तर तिथे भाड्याचा जनरेटर धडधडत होता. वीज कंपनीचा मेळावा, साहेब, आणि जनरेटरवर! आपल्या विजेवर कंपनीचा स्वतःचाच भरवसा नाही, पण आमचा अभिप्राय मात्र हवा.

संवाद तीन तास चालला. त्यातली आमच्या वाट्याची मिनिटं पंधराही नसतील. वीज कायदा 2003 च्या कलम 42 प्रमाणे प्रत्येक वितरण कंपनीला ग्राहक तक्रार निवारण मंच नेमावा लागतो आणि तिथे समाधान झालं नाही तर विद्युत लोकपालाकडे जाता येतं, हे मला पुतण्याकडून कळलं. केंद्राने डिसेंबर 2020 मध्ये ग्राहक हक्कांचे नियम काढले, त्यात काही त्रुटींची भरपाई आपोआप द्यायची सांगितली आहे, हेही त्यानेच वाचून दाखवलं. मेळाव्यात यातलं अवाक्षर नाही. बिल ऑनलाइन कसं भरायचं, हे मात्र दोनदा समजावलं. आमच्याशी बोलायचं म्हणजे वसुलीचंच बोलायचं, असा काही आदेश आहे का?

या 22 दिवसांत कांद्याचं रोप डोळ्यांदेखत वाळलं. मोटार बंद, म्हणून जनावरांचं पाणी बायको डोक्यावर आणते. वडील 78 वर्षांचे. रात्री अंधारात ओट्यावरून घसरले, मनगट प्लास्टरमध्ये आहे. कचेरीत गेलो तर उत्तर मिळालं, ‘त्या डीपीवर थकबाकी आहे, आधी भरा.’ डीपीवर 20-22 मोटारी. निम्म्या जणांची बाकी असेलही. माझी एक रुपयाही नाही, पावत्या खिशात होत्या. शेजाऱ्याच्या बाकीपायी माझा अंधार, हे कुठल्या कलमात बसतं? कलम 56 म्हणतं, बिल थकलेल्या ग्राहकाचीही वीज तोडायची तर आधी पूर्ण 15 दिवसांची लेखी नोटीस द्या. आमची तोडलेली नाही ना, फक्त जोडत नाहीत. मग नोटीस कशाला!

मागच्या वेळी डीपी जळाली तेव्हा माणशी 800 रुपये वर्गणी काढली होती. ट्रॅक्टर आमचा, डिझेल आमचं, उतरवायला खांदेही आमचे. कंपनीचा काय तो कागद. लाइनमनला मी दोष देत नाही. सात-आठ गावं (तो म्हणतो अकरा) एकट्याच्या गळ्यात, तोही कंत्राटी, पावसात हातमोज्यांशिवाय खांबावर चढतो. मेळाव्याच्या मंडपावरचा खर्च त्याच्या हातमोज्यांना पुरला असता.

पण कागदावर काम उरकायला कंपनी तरी कुणाकडून शिकली? 28 एप्रिल 2018 ला देशातल्या शेवटच्या गावात वीज पोचल्याचं सरकारने जाहीर केलं. सरकारी व्याख्येत शाळा, पंचायतीसारख्या ठिकाणी वीज असली आणि 100 पैकी 10 घरांत दिवा लागला की गाव विद्युतीकृत. उरलेल्या 90 घरांनी त्या दहांच्या उजेडात टाळ्या वाजवायच्या. त्याच हिशेबाने माझी तक्रारही निवारली असेल. कुठल्या तरी पडद्यावर हिरवा टिळा लागला, वर अहवाल गेला, आपल्या टेबलावर शून्य प्रलंबित. नळ योजना असो, रस्ता असो, पीक विमा असो, सगळीकडे हाच टिळा.

मागणी एवढीच आहे, डीपी बसवा आणि ग्राहकाने ‘वीज आली’ म्हटल्याशिवाय तक्रार बंद करू नका. पुढचा मेळावा आमच्या वस्तीवर घ्या, रात्री आठला, जनरेटर न आणता.

अभिप्रायाचा मेसेज काल पुन्हा आला. त्यात पाच तारे आहेत आणि एक तरी दिल्याशिवाय तो पुढे सरकत नाही.

आपला,
कागदोपत्री समाधानी असलेला एक ग्राहक