डिस्चार्ज कार्डावर एक ओळ हवी

महोदय,

३ ऑगस्टचा अवयवदान दिन जवळ आला की वर्तमानपत्रांत दात्यांचे सत्कार आणि जीवदानाच्या बातम्या येतात. त्या यायलाच हव्यात. पण ऑपरेशननंतर दुखते किती आणि त्यावर घ्यायचे काय, याविषयी कुठे चार ओळी सापडत नाहीत. दोन वर्षांपूर्वी माझ्या पत्नीने मला किडनी दिली, म्हणून हे लिहितो आहे.

आधी तिचे सांगतो. तिचे ऑपरेशन दुर्बिणीतून झाले. दुसऱ्या दिवशी टाक्यांपेक्षा उजवा खांदाच जास्त ठणकू लागला. सिस्टर म्हणाल्या, "गॅस आहे, चाला." हिने वरण बंद केले! दुर्बिणीच्या ऑपरेशनसाठी पोट कार्बन डायऑक्साइडने फुगवतात. त्याने श्वासपटल (छाती आणि पोट यांमधला स्नायूंचा पडदा) चाळवते आणि कळ खांद्यात उठते, हे आम्हाला घरी आल्यावर दुसऱ्या एका डॉक्टरांकडून कळले. सगळ्यांचे लक्ष माझ्या लघवीच्या मोजमापाकडे होते. धडधाकट बाईला काय होणार, असाच सूर होता, आणि खरे सांगायचे तर माझाही.

माझे दुखणे वेगळे. नवी किडनी ओटीपोटात एका बाजूला बसवतात, त्यामुळे खोकला आला की टाके ओढले जात. फिजिओथेरपिस्टने उशी पोटाशी धरून खोकायला शिकवले. दुखते म्हणून मी श्वास उथळ घेत होतो, तेव्हा ते रागावलेही. कफ साचून न्यूमोनिया झाला तर प्रतिकारशक्ती दाबून ठेवलेल्या माणसाला तो महागात पडतो. म्हणजे वेदना सोसणे ही मर्दुमकी नव्हे, हे मला तिथे कळले. घरी आल्यावर मात्र विसरलो.

तीन महिन्यांनी कंबर धरली. कोपऱ्यावरच्या मेडिकलमधून "अंगदुखीची गोळी" आणली आणि चार दिवस घेतली. क्रिएटिनिन, म्हणजे किडनीचे काम मंदावले की रक्तात वाढणारा आकडा, १.२ वरून १.९ वर गेले. गोळीत डायक्लोफेनॅक होते. शरीराने नवी किडनी नाकारू नये म्हणून मी टॅक्रोलिमस घेतो, त्याने किडनीत रक्त नेणारी नळी आधीच आकसते. ती उघडी ठेवणारे प्रोस्टाग्लँडिन नावाचे शरीरातले द्रव्य डायक्लोफेनॅक तयार होऊ देत नाही. गोळी बंद केल्यावर आकडा हळूहळू उतरला, पण ते दोन आठवडे कसे काढले ते आमचे आम्हाला ठाऊक. हे औषध दिलेली मेलेली जनावरे खाऊन, किडन्या निकामी होऊन आपली गिधाडे मेली आणि २००६ मध्ये जनावरांसाठी त्यावर बंदी आली. माणसांना ते आजही चिठ्ठीविना मिळते, कायद्याने चिठ्ठी लागत असूनही.

माझ्या डिस्चार्ज कार्डावर तेरा औषधांची नावे होती. काय घ्यायचे नाही, ते कुठेच नव्हते. कुणी तोंडी सांगितलेही असेल, पण त्या दिवशी डोके ठिकाणावर कोणाचे असते? म्हणून मागणी एवढीच आहे की घेणारा आणि देणारा, दोघांच्याही कार्डावर ठळक मराठीत लिहावे: डायक्लोफेनॅक, अ‍ॅसिक्लोफेनॅक, आयब्युप्रोफेन विचारल्याशिवाय नको. दुखल्यास पॅरासिटामॉल, किती आणि दिवसातून किती वेळा तेही. आणि गोळीआधी ताप मोजावा, कारण पॅरासिटामॉलने ताप झाकला जातो. बसवलेल्या किडनीवरच नव्याने दुखू लागले तर गोळी न शोधता फोन करावा. कार्डावर फोन नंबर असतोच, तो रात्री उचलला जावा.

आमच्याकडे ही यादी पत्नीने वहीच्या कागदावर लिहून फ्रिजवर चिकटवली आहे. एक प्रत मेडिकलवाल्याला दिली. आधी तो हसला, मग त्याने ती काउंटरच्या काचेखाली सरकवली.

आपला,
एक वाचक, कराड
(नाव राखून ठेवावे, ही विनंती)