पोर्शे विकणारा आणि शर्यतीत चालवणारा

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

आपल्या रविवारच्या पुरवणीत पुण्यातल्या महागड्या गाड्यांच्या शोरूमविषयी पानभर मजकूर वाचला. किंमत, रंग, सीटचे कातडे, शून्यावरून ताशी शंभरला पोहोचायला किती सेकंद लागतात, सगळे त्यात होते. ती गाडी विकणाऱ्याला ती चालवता किती येते, याविषयी मात्र एकही ओळ नव्हती. मी चौतीस वर्षे याच धंद्यात काढली. आधी वर्कशॉपमध्ये होतो, शेवटची बारा वर्षे डिलिव्हरीला. म्हणून हे पत्र.

१९ मे २०२४ च्या पहाटे कल्याणीनगरात जे घडले, त्यानंतर या शहरात ‘पोर्शे’ म्हटले की मोटारसायकलवरची ती दोन तरुण मुले डोळ्यांसमोर येतात. दोघेही इंजिनिअर, दोघेही घरापासून दूर नोकरीला आलेले. गाडी सतरा वर्षांच्या मुलाच्या हाती होती असा आरोप आहे, आणि त्याला जामीन देताना तीनशे शब्दांचा निबंध लिहायला सांगितला गेला, हे कोणी विसरलेले नाही. खटल्याचे न्यायालय पाहील. पण त्याच बनावटीच्या गाड्या विकण्यात आणि चालवण्यात ज्याचे आयुष्य गेले, अशा एका माणसाची गोष्ट माझ्या मनात तेव्हापासून घोळते आहे.

माझी मुलगी अमेरिकेत फ्लोरिडा राज्यातल्या जॅक्सनविल या गावी राहते. मागे तिच्याकडे गेलो तेव्हा जावयाने ‘ब्रुमोस कलेक्शन’ नावाचे गाड्यांचे संग्रहालय दाखवायला नेले. फोर्डचा जुना कारखाना असावा तशी बांधलेली इमारत आहे. आत जुन्या शर्यतींच्या गाड्या ओळीने उभ्या आहेत, आणि कित्येकींच्या दारावर एकच आकडा आहे, ५९. मी तिथे चार तास काढले. जावई कंटाळून बाहेर जाऊन बसला.

‘ब्रुमोस’ हे एका दुकानाचे नाव. ह्युबर्ट ब्रंडेज नावाच्या गृहस्थांची ‘ब्रंडेज मोटर्स’ ही फोक्सवॅगन आणि पोर्शे विकणारी पेढी होती. तिचा तारेचा सांकेतिक पत्ता ‘ब्रुमोस’ होता, तोच पुढे नाव म्हणून टिकला. ब्रंडेज स्वतः शर्यती खेळत. ते १९६४ मध्ये रस्त्यावरच्या अपघातात गेले आणि पुढच्या वर्षी त्यांचे दुकान पीटर ग्रेग नावाच्या पंचवीस वर्षांच्या तरुणाने विकत घेतले. ग्रेग हार्वर्डचा पदवीधर. अमेरिकी नौदलात अधिकारी होता आणि नोकरीच्या निमित्ताने जॅक्सनविलला आला होता. अशा मुलाने एखाद्या मोठ्या कंपनीत खुर्ची पटकावायची, तर याने गाड्यांचे दुकान घेतले आणि शनिवार-रविवार हेल्मेट चढवायला सुरुवात केली.

त्याच्या स्वभावाविषयी एवढेच सांगतो की त्याला ‘पीटर परफेक्ट’ म्हणत. टापटीप इतकी आणि तयारी इतकी काटेकोर, की सोबतच्यांना त्याचा धाक वाटे. तो सोपा माणूस नव्हता. पण त्याच्याविषयी मला सगळ्यात जवळची वाटते ती हर्ली हेवूडची गोष्ट. जॅक्सनविलला मोकळ्या पार्किंगमध्ये शंकू मांडून घड्याळाविरुद्ध गाडी चालवायच्या स्पर्धा होत. ग्रेग तिथला मोठा माणूस. एके दिवशी हेवूड नावाचा कॉलेजात शिकणारा मुलगा आपली कॉर्व्हेट घेऊन आला आणि त्याने ग्रेगपेक्षा कमी वेळ नोंदवला. आपल्याकडे अशा वेळी शेठचा चेहरा कसा होतो ते मी पाहिले आहे. ग्रेगने त्या मुलाला बाजूला घेतले आणि आपला साथीदार केले. १९६९ मध्ये वॉटकिन्स ग्लेनच्या सहा तासांच्या शर्यतीत दोघे एकत्र उतरले आणि आपल्या गटात पहिले आले. मग हेवूडला सैन्यात बोलावणे आले, तो व्हिएतनामला गेला. परत आल्यावर पुन्हा ग्रेगच्याच गाडीत बसला. १९७१ मध्ये अमेरिकेत मोटारींच्या शर्यती भरवणाऱ्या ‘इम्सा’ या संघटनेच्या जीटी मालिकेचे विजेतेपद दोघांनी पोर्शे ९१४ वर मिळून जिंकले. दुकानात विकली जाते त्या गाडीवरून तयार केलेल्या गाड्यांची ही मालिका होती, म्हणून गाड्यांचे विक्रेते तिच्याकडे ओढले गेले.

आता डेटोना. जॅक्सनविलहून दक्षिणेला दीड-दोन तासांवर हे गाव आहे. तिथे एक फेरी सुमारे सहा किलोमीटरची आणि शर्यत पूर्ण २४ तासांची. दोन-तीन चालकांनी आळीपाळीने रात्रभर गाडी हाकायची. ३ आणि ४ फेब्रुवारी १९७३ ला ग्रेग आणि हेवूड तिथे पोर्शे कॅरेरा आरएसआर घेऊन उतरले. शोरूममधल्या पोर्शे ९११ चीच ती बहीण, तेच मागे बसवलेले सहा सिलिंडरचे, हवेने थंड होणारे इंजिन, २.८ लिटरचे. समोर फ्रान्सच्या ‘मात्रा’ कंपनीची गाडी होती, ‘मिराज’ होत्या, निव्वळ शर्यतीसाठी जन्मलेल्या गाड्या. रात्र सरली तशा त्या एकेक करून बाद होत गेल्या. ग्रेगच्या गाडीवर एक समुद्रपक्षी आदळला आणि पुढची काच फुटली. काच बदलून गाडी पुन्हा निघाली. शेवटी त्यांनी ६७० फेऱ्या केल्या आणि दुसऱ्या क्रमांकावर तब्बल २२ फेऱ्यांची आघाडी होती. म्हणजे सुमारे १३५ किलोमीटर. पुण्याहून निघून पनवेल मागे टाकावे एवढे.

त्या दिवशीची एक गोष्ट आपल्या क्रीडा प्रतिनिधींनी मुद्दाम ध्यानात घ्यावी. पहिला आला तो जॅक्सनविलचा पोर्शे विक्रेता. दुसरी आलेली फेरारी लुइजी किनेत्ती यांच्या संघाची होती, आणि किनेत्ती म्हणजे अमेरिकेत फेरारी विकणारे गृहस्थ, ज्यांनी स्वतः फ्रान्समधली ल मांची २४ तासांची शर्यत तीनदा जिंकली होती. १९४९ ला तर साथीदार आजारी पडल्याने जवळजवळ सगळा वेळ तेच चाकावर होते. ग्रेगसारखीच आणखी एक कॅरेरा रॉजर पेन्स्के यांच्या संघाने उतरवली होती, ती वाटेत थांबली. पेन्स्के तरुणपणी नावाजलेले चालक होते. फिलाडेल्फियातल्या शेव्हरोलेच्या दुकानासाठी त्यांनी १९६५ मध्ये स्वतः चालवणे सोडले. पुढे इंडियानापोलिसचे शर्यतीचे मैदानच त्यांच्या कंपनीने विकत घेतले.

ग्रेगने डेटोना एकूण चारदा जिंकली, १९७३, १९७५, १९७६ आणि १९७८ ला. त्यातली १९७६ ची बीएमडब्ल्यूवर. पोर्शेचा विक्रेता वर्षभर बीएमडब्ल्यू चालवत होता, याचे मला अजून नवल वाटते. इम्साच्या मालिकेत तो सहा वेळा विजेता ठरला. आणि सोमवारी सकाळी दुकानात हजर. ‘रविवारी जिंका, सोमवारी विका’ असे तिकडचे विक्रेते म्हणत असत. शर्यत ही जाहिरात होती, यात शंका नाही. पण वर्कशॉपच्या माणसाला त्यात दुसरे काही दिसते. ज्या मालकाचा स्वतःचा जीव रविवारी त्या ब्रेकवर अवलंबून असतो, त्याच्या वर्कशॉपमध्ये ब्रेक पॅड ‘चालतील अजून’ म्हणून ठेवले जात नाहीत. टायर घासला की गाडी कशी सरकते, ओल्या वळणावर मागच्या इंजिनाच्या वजनाने गाडीची मागची बाजू शेपटीसारखी कशी बाहेर फेकली जाते, हे ज्याने अंगावर घेतले आहे, तो गिऱ्हाइकाशी बोलताना सेकंद मोजत बसणार नाही. हेवूड पुढे पोर्शेच्या ड्रायव्हिंग स्कूलचा प्रमुख प्रशिक्षक झाला, ते मला उगाच वाटत नाही.

आमच्याकडे काय होते ते सांगतो. शोरूमचे नाव लिहीत नाही. दसऱ्याच्या दिवशी एका गृहस्थांना मी एक मोठी गाडी दिली. नारळ फोडला, पेढे वाटले, चावीचे मोठे पुठ्ठ्याचे चित्र हातात देऊन फोटो काढला. फोटोपुरते म्हणून त्यांनी पंधरा वर्षांच्या मुलाला चाकावर बसवले, आणि फोटो झाल्यावर तो उतरलाच नाही. वडील शेजारी बसले आणि गाडी गेटबाहेर गेली. मी धावत गेलो, काचेवर थाप मारली. वडील हसले, म्हणाले, “काका, गावाकडे ट्रॅक्टर चालवतो तो.” मॅनेजरकडे गेलो तर ते म्हणाले, “पेमेंट झालंय ना? मग गाडी त्यांची.” त्या मुलाचे काही झाले नाही. पण त्या वर्षी दिवाळीत मला नीट झोप लागली नाही, आणि १९ मे २०२४ नंतरही किती रात्री लागली नाही. मी गेटवर आडवा उभा राहायला हवे होते. राहिलो नाही.

ग्रेगचा शेवट सांगायला जड जातो, पण टाळू नये. १९८० च्या उन्हाळ्यात तो ल मांच्या शर्यतीसाठी फ्रान्सला गेला होता. मैदानाकडे जाताना साध्या रस्त्यावर अपघात झाला आणि त्यानंतर त्याला एकाच्या दोन वस्तू दिसू लागल्या. इतकी वर्षे ताशी तीनशेच्या घरात गाडी चालवलेल्या माणसाची नजर बिघडली ती गावच्या रस्त्यावर. डॉक्टरांनी शर्यतीची परवानगी नाकारली. डिसेंबर १९८० मध्ये, चाळिसाव्या वर्षी, त्याने स्वतःचे आयुष्य संपवले. जेमतेम काही दिवसांपूर्वी लग्न झालेली त्याची पत्नी डेबोरा हिने दुकान पुढे सांभाळले, आणि नंतर ती स्वतःही शर्यतीत उतरली. ब्रुमोसच्या संघाने २००९ मध्ये पुन्हा डेटोना जिंकली. दुसऱ्यात आणि त्यांच्यात २४ तासांनंतर सेकंदाच्या पाचव्या हिश्शाएवढाही फरक नव्हता.

मला आपल्याकडून दोन गोष्टी हव्या आहेत. एक म्हणजे शर्यत आणि रस्ता यांतला फरक वाचकांना वारंवार दाखवावा. वेगाची ओढ असलेली मुले या शहरात पुष्कळ आहेत. त्यांना रात्री बाणेरच्या किंवा विमाननगरच्या रस्त्यावर जायचे नसेल तर जायचे कुठे? गाडीच्या शर्यतींची मोठी मैदाने कोइमतूरला, चेन्नईजवळ इरुंगट्टुकोट्टाईला आणि दिल्लीजवळ ग्रेटर नोएडाला. तिथे जाणारी मराठी मुले आहेत, त्यांच्यावर आई-बाप पदरमोड करतात. क्रिकेटच्या पानावर त्यांना चार ओळी तरी मिळाव्यात.

दुसरे, पुढच्या वेळी आपला प्रतिनिधी अशा शोरूममध्ये जाईल तेव्हा त्याने मालकाला विचारावे : ही गाडी तुम्ही स्वतः कधी मोकळ्या मैदानावर पूर्ण ब्रेक दाबून थांबवून पाहिली आहे का? गाडी देताना गिऱ्हाइकाला तासभर शेजारी बसवून शिकवता का? घरात अल्पवयीन मूल आहे का, हे विचारता का? मुलाच्या हाती गाडी दिली तर पालकाला तीन वर्षांपर्यंत कैद आणि २५ हजार रुपये दंड होऊ शकतो, हे डिलिव्हरीच्या वेळी सांगता का? जी उत्तरे मिळतील ती जशीच्या तशी छापावीत. त्यासाठी कोणी माहीतगार माणूस सोबत हवा असेल तर मी येईन. गुडघे दुखतात, पण बॉनेटखाली अजून वाकता येते.

कळावे,
आपला नियमित वाचक,
एक निवृत्त डिलिव्हरी मॅनेजर,
कोथरूड, पुणे