काकांच्या गाडीचे इंजिन उघडू देऊ नकोस

कळवा, ठाणे
८ जून

प्रिय मित्रा,
सप्रेम नमस्कार.

तुझे पत्र काल संध्याकाळी मिळाले. काका गेल्यापासून त्यांची मोटारसायकल नेरुळच्या सोसायटीत कापडाखाली उभी आहे, हे मला ठाऊक होते. तिला हात लावायला तुझे मन इतके दिवस धजले नाही, हेही मी समजू शकतो. पण ती सुरू होत नाही म्हणून तू ती गॅरेजवर दाखवलीस आणि तिथे नुसत्या किका मारून पाहून ‘बोअर-पिस्टन करावे लागेल’, म्हणजे इंजिन खोलून झिजलेला सिलिंडर आणि पिस्टन दुरुस्त करावे लागतील, असे सांगण्यात आले, हे वाचल्यावर मला राहवले नाही. कृपा करून रविवारपर्यंत कोणालाही इंजिन उघडू देऊ नकोस. असे का म्हणतो, ते सविस्तर लिहितो.

तुझ्या पत्रात एक ओळ सहज आली आहे. चोक ओढून दहा-बारा किका मारल्यावर गाडी फुरफुरली, दोन-तीन सेकंद चालली आणि मग बंद पडली, असे तू लिहिले आहेस. सगळ्या पत्रात मला तीच ओळ सर्वांत मोलाची वाटली. पेट्रोलच्या इंजिनाला सुरू होण्यासाठी हवा आणि पेट्रोल यांचे योग्य मिश्रण, ते दाबले जाण्याइतके कॉम्प्रेशन आणि नेमक्या क्षणी प्लगमध्ये पडणारी ठिणगी एवढेच लागते. त्या दोन-तीन सेकंदांपुरत्या या तिन्ही गोष्टी तुझ्या गाडीत हजर होत्या. शिवाय चोक ओढला की कार्ब्युरेटरमध्ये, म्हणजे हवा आणि पेट्रोल मिसळणाऱ्या भागात, जाणारी हवा अडते आणि जेटमधून, म्हणजे त्याच्या बारीक भोकाच्या तोटीतून, पेट्रोल जास्त ओढले जाते. म्हणजे जी गाडी चोकवरच तेवढी जागी होते, तिला एरवी पेट्रोल कमी पडते आहे. बोअर-पिस्टन झिजलेल्या गाडीची लक्षणे निराळी असतात. ती निळसर धूर सोडते, ऑइल पिते, आणि तिची किक पायाखाली पोकळ लागते. काका असताना यातले काहीच नव्हते, आणि किक अजूनही घट्ट आहे असे तूच लिहिले आहेस. उभ्या उभ्या सात महिन्यांत पिस्टन झिजत नाही.

सात महिन्यांत बिघडते ते पेट्रोल. टाकीतून आलेले पेट्रोल कार्ब्युरेटरच्या तळाशी असलेल्या छोट्या वाटीत साठून राहते. गाडी चालवली नाही तर ते तिथेच हळूहळू उडून जाते आणि मागे चिकट, पिवळसर थर राहतो. गाडी सुरू होताना आणि संथ चालताना ज्या पायलट जेटमधून पेट्रोल येते, त्याचे भोक अर्ध्या मिलिमीटरपेक्षाही बारीक असते. ते बुजायला तो थर पुरतो. त्यात आताच्या पेट्रोलमध्ये २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असते आणि इथेनॉल हवेतला ओलावा ओढून घेते. पाण्याचे प्रमाण फार वाढले की पाणी आणि इथेनॉल एकत्र होऊन टाकीच्या तळाशी बसतात, आणि रिझर्व्हला टाकीखालचा पेट्रोलचा कॉक नेमका तिथूनच पेट्रोल घेतो. तू गाडी रिझर्व्हवर टाकून किका मारत होतास, हे मला म्हणूनच खटकले.

माझा अंदाज असा असला, तरी तो तपासल्याशिवाय मी कशालाही हात लावणार नाही. हा धडा मला गेल्या वर्षी जुलैत मिळाला. विटाव्याच्या रेल्वे पुलाखाली पाणी साचले होते आणि रबाळ्याला कामावर वेळेत पोहोचायचे म्हणून मी त्यातूनच गाडी काढली. त्या दिवशी काही झाले नाही. आठवड्याभराने मात्र ती सकाळी सुरू होईना. मी नवा प्लग टाकला. मग एअर फिल्टर बदलला. मग एका गॅरेजमध्ये कार्ब्युरेटर साफ करून घेतला. दुपारी ऊन पडले की गाडी सुरू होई, त्यामुळे प्रत्येक वेळी नुकत्याच केलेल्या कामाचाच गुण आला असे मला वाटे, आणि दुसऱ्या सकाळी पुन्हा तेच. अखेर एका रविवारी मी प्लगला करंट येतो का एवढेच पाहायचे ठरवले. ठिणगी एकदा पडे, एकदा चुके. प्लग कॅप वायरवरून फिरवून काढली तर आतल्या तांब्यावर हिरवा थर होता. ओलाव्याने करंट मधेच गळत होता. वायरचे टोक पाव इंच कापून नवी कॅप बसवली आणि गाडी पहिल्या किकमध्ये सुरू झाली. जी तपासणी सर्वांत आधी करायची, ती मी शेवटी केली होती. शिवाय काहीच सिद्ध न होता मी एकामागून एक वस्तू बदलत गेलो, त्यामुळे नेमका दोष कुठे आहे हे तीन आठवडे कळले नाही.

म्हणून मी येण्यापूर्वी तू थोडे पाहून ठेव. हँडलवरचा इंजिन बंद करणारा किल स्विच चालूच्या बाजूला आहे ना, हे आधी पाहा; गाडी पुसताना तो नकळत फिरतो. बॅटरी उतरली आहे याची काळजी करू नकोस. काकांच्या गाडीत ठिणगीसाठी लागणारा करंट इंजिनाबरोबर फिरून वीज तयार करणाऱ्या मॅग्नेटोच्या वेगळ्या कॉइलमधून येतो, त्यामुळे बॅटरी मेलेली असली तरी किकवर ती सुरू व्हायला हवी. सीटखालच्या वायरिंगवर टॉर्चच्या उजेडात नजर टाक, कारण पार्किंगमधले उंदीर वायरी कुरतडतात. मग कॉक बंद करून पेट्रोलची नळी काढ आणि कॉक क्षणभर उघडून थोडे पेट्रोल काचेच्या स्वच्छ बाटलीत घे. धार अडखळत आली, तर टाकीचे झाकण उघडून पुन्हा पाहा. झाकणाचे हवेचे भोक बुजले असेल तर झाकण उघडताच धार मोकळी होते. बाटली रात्रभर ठेव. सकाळी तळाशी वेगळा थर दिसला, तर टाकी पूर्ण रिकामी करावी लागेल.

प्लग मात्र माझ्यासमोरच काढू. तो ओला आहे, कोरडा आहे की काजळलेला, हे काढताक्षणी पाहायचे असते. ठिणगी पाहताना प्लगचा लोखंडी भाग इंजिनाला नीट टेकलेला हवा. तो अधांतरी ठेवून किक मारली तर सीडीआय, म्हणजे ठिणगी नेमक्या वेळी पाडणारा इलेक्ट्रॉनिक डबा, जळू शकतो. आणि प्लग त्याच्या उघड्या भोकापासून लांब धरायचा, कारण तिथून पेट्रोलची वाफ बाहेर येते. त्याच भोकावर अंगठा दाबून किक मारली की अंगठा बाहेर फेकला गेला पाहिजे. मग बोअर-पिस्टनचा विषय तिथेच संपेल. ठिणगीही ठीक असेल तर भोकातून अर्धा चमचा ताजे पेट्रोल आत सोडून प्लग लावू. गाडी क्षणभर चालून बंद पडली, तर दोष कार्ब्युरेटरचाच. तो आपण खोलू. जेट साफ करायला मी तांब्याच्या वायरीतली एक तार आणि क्लीनर घेऊन येतो. सुई किंवा टाचणी घालायची नाही, पितळेचे भोक त्याने मोठे होते आणि मग गाडी कायमची जास्त पेट्रोल पिते.

वहिनींच्या स्कूटरला हे सगळे लावू नकोस. ती १ एप्रिल २०२० नंतरची, पंपाने पेट्रोल फवारणाऱ्या फ्युएल इंजेक्शनची आहे, तिच्यात कार्ब्युरेटर नाही. चावी फिरवल्यावर पेट्रोल पंपाचा दोन सेकंद बारीक आवाज येतो की नाही, तिथून तिची तपासणी सुरू होते.

रविवारी सकाळी ठाण्याहून ट्रान्स हार्बर लोकलने निघेन, नऊपर्यंत नेरुळला उतरेन. तेवढ्यात दोन लिटर ताजे पेट्रोल आणवून ठेव. काकांचा जुना प्लग पाना टूलकिटमध्ये असेल तर तो काढून ठेव. आपण त्यानेच प्लग खोलू. काकूंना माझा नमस्कार सांग.

तुझा,
कळव्याचा मित्र