प्रभाग समितीत नागरिकही हवेत

महोदय,

मार्च २०२२ पासून जवळपास चार वर्षे पुणे महापालिकेत प्रशासक होते. त्या काळात आमच्या बागेतले चांगले पेव्हर ब्लॉक उखडून नवे बसवले गेले. शेजारचा पिण्याच्या पाण्याचा नळ मात्र कोरडाच राहिला. विचारायचे कुणाला? नगरसेवकच नव्हते.

आता ते आले आहेत, फ्लेक्सही लागले आहेत. पण प्रभाग समित्यांबद्दल, म्हणजे त्या-त्या भागातील नगरसेवकांच्या स्थानिक समित्यांबद्दल, कुणी बोलत नाही. ७४व्या घटनादुरुस्तीने तीन लाखांवरील शहरांत त्या बंधनकारक केल्या. आपल्या महापालिका कायद्यातील कलम २९अ नुसार या समितीवर त्या भागात काम करणाऱ्या सामाजिक संस्थांचे तीनपर्यंत प्रतिनिधी घेता येतात. या जागा कार्यकर्त्यांची सोय लावण्यासाठी नाहीत, हे आधीच सांगून ठेवते!

पुण्यात २००६-०७ पासून अंदाजपत्रकासाठी नागरिकांच्या सूचना मागवल्या जातात. मीही बागेत आधाराच्या दांड्यांची बाके सुचवली होती. गुडघेदुखीवाल्यांना त्यांचे मोल कळेल. अर्जाचे पुढे काय झाले, ते कुणी कळवले नाही. समितीने निदान दर बैठकीचा विषय आणि निर्णय क्षेत्रीय कार्यालयाच्या फलकावर मराठीत लावावा.

– एक निवृत्त शिक्षिका, पुणे