पट्टा परत करताना

प्रिय काका,

शनिवारी नेमबाजीच्या रेंजवर भेटलो की तुम्ही मला बोलू देणार नाही, हे ठाऊक आहे. "बरं बरं, टेप घे, टारगेटांवरची भोकं चिकटवायला चल," म्हणाल आणि चालू लागाल. म्हणून तुमचे आभार असे चारचौघांत लिहिते आहे. इथे टेक्ससमध्ये थ्री-गनचे सामने खेळावेत असं मनात असलेली आपली आणखी काही माणसं आहेत. त्यांच्याही कामी येईल.

माझ्या पहिल्या सामन्याच्या आठवडाभर आधी मी लष्करी थाटाचं छातीवर बांधायचं जॅकेट घेतलं होतं. रायफल, शॉटगन आणि पिस्तूल, तिन्ही एकाच फेरीत, घड्याळ चालू असताना चालवायची आणि लागणारी सगळी काडतुसं अंगावर वागवायची. म्हणजे जेवढी जास्त मावतील तेवढं बरं, असा माझा हिशेब. इलॅस्टिकच्या फासांत शॉटगनची 24 काडतुसं ओळीने बसली होती. तुम्ही एकदा पाहिलंत आणि म्हणालात, "पालथी झोप." मी खडीवर पालथी झाले. काडतुसं बरगड्यांत रुतली, छाती जमिनीपासून चार बोटं वर राहिली, रायफलच्या दस्त्याला गाल टेकेना. तुम्ही हात देऊन उठवलंत आणि एवढंच विचारलंत, "बिल आहे ना? परत कर."

मग गाडीच्या बॉनेटवर तुम्ही जो हिशेब मांडलात, तो मी आजही प्रत्येक स्टेजआधी, म्हणजे सामन्यातल्या प्रत्येक फेरीआधी, मांडते. शॉटगनमध्ये सुरुवातीला किती? बॅरलखालच्या नळीत 8, चेंबरमध्ये 1. टारगेटं किती? 12. कमी पडतात 3. नेम चुकेल त्याची 4-5 धर. म्हणजे पट्ट्यावर चार-चार काडतुसं धरून ठेवणार्‍या दोन कॅडी पुरे. "उरलेली 16 कशाला वाहतेस?" या प्रश्नाला माझ्याकडे उत्तर नव्हतं.

तुम्ही तुमचा पट्टा माझ्या कमरेला बांधलात. आतला पातळ पट्टा पँटच्या लुपांतून, त्यावर वेल्क्रोने चिकटणारा बाहेरचा कडक पट्टा. कितीही धावा, तसूभर सरकत नाही. डाव्या कमरेवर पिस्तुलाची तीन मॅगझिन, गोळ्यांची टोकं बकलकडे, म्हणजे उपसताना तर्जनी आपसूक मॅगझिनच्या पुढच्या कडेवर येते. त्यामागे रायफलचं एक. कॅडी मी हौसेने अगदी बकलजवळ लावायला निघाले, तेव्हा तुम्ही मला एक गुडघा टेकून वाकायला लावलंत. पोटात टोचल्यावर मीच त्या बाजूला सरकवल्या. तुम्ही सांगितलं असतंत तर मी ऐकलं असतं, पण विसरलेही असते.

स्लग (छर्‍यांऐवजी एकच जड गोळी असलेलं शॉटगनचं काडतूस) कुठे ठेवायचे हे मात्र तुम्ही मला ठरवू दिलं नाहीत. ते उजवीकडे, एकटे, वेगळ्या होल्डरमध्ये. छर्‍यासाठी उभ्या केलेल्या जवळच्या लोखंडी टारगेटवर चुकून स्लग सुटला तर प्लेट जाते आणि तुकडे उलटे येतात. "घाईत डोकं चालत नाही, हात सवयीच्या जागी जातो. म्हणून स्लग तिथे ठेव, जिथे हात सवयीने जाणारच नाही." हे सांगताना तुमचा आवाज बदलला होता.

आणखी एका गोष्टीचे आभार मला कसे मानावेत कळत नाही. पाउच घट्ट आहे का बघायला मी भरलेलं मॅगझिन घेऊन सेफ्टी एरियात निघाले होते. तुम्ही दंड धरून थांबवलंत. तिथे बंदूक हाताळायची, काडतुसाला हात लावायचा नाही, नकलीलासुद्धा नाही. लावला असता तर एकही गोळी न झाडता त्या दिवशी घरी गेले असते. मग बंदुका पेटीत ठेवून आपण पार्किंगमध्ये गेलो. भरलेली मॅगझिन घालून मी उड्या मारल्या, वाकले, पळाले. जे पडलं त्याचा स्क्रू तुम्ही पाव फेरा आवळलात, जे एका झटक्यात निघेना त्याचा सैल केलात आणि पांढर्‍या पेनने खुणा केल्यात.

मला पट्टा देऊन त्या दिवशी सामन्यात तुम्ही स्वतः जुन्या चामडी पट्ट्यावर खेळलात. तुमचं एक मॅगझिन धावताना पडलं आणि वेळ गेला. तुम्ही त्याबद्दल अवाक्षर काढलं नाहीत, पण मी घड्याळाचा आकडा पाहिला होता.

तेव्हापासून रोज रात्री दहा मिनिटं सराव करते. जमिनीवर सोलापुरी चादर अंथरते, म्हणजे नकली काडतुसं पडली तरी खालच्या मजल्यावर आवाज जात नाही. शॉटगनमध्ये दोन-दोन भरणं आता न बघता जमतं. एकदम चार भरायच्या मागे अजून लागले नाही. त्यासाठी लोडिंग पोर्ट, म्हणजे काडतूस आत सारायचं तोंड, घासून मोठं करून घ्यावं लागेल आणि तुम्ही "आधी दोन न पाडता भर" म्हणाला होतात.

माझा स्वतःचा पट्टा आला आहे, तुमच्यासारखाच, एक माप लहान. तुमचा शनिवारी आणते. धुळीने वेल्क्रो भरलं होतं, ते ब्रशने साफ केलं आहे. स्क्रूंना हात लावलेला नाही, सगळे तुमच्या पांढर्‍या खुणेवरच आहेत.

तुमची,
स्क्वॉडमधली सर्वात नवी